केसकरांनी रेडिओवरची सिनेगीतं बंद केली नसती तर?

शॉर्टवेव्ह_४१
गाण्यांच्या इतिहासातले 'ऐतिहासिक क्षण' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यात ठरलेली मंडळी असतात. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले, १९६५ला न्यूपोर्टला बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार काढली आणि लोकसंगीतवाले खवळले, १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं. असेल बुवा. पण माझ्या घरात गाणं शिरलं त्या रस्त्यावर यातलं काहीच लागत नाही.

माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा क्षण १९५२चा. आणि तो घडवला सिनेगीतांचा तिटकारा असलेल्या एका मराठी माणसाने! बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय गाणं शिकलेले, पुढे दहा वर्षं नभोवाणीमंत्री. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? मालकंस ऐकायला बसले? छे. सुई सरकवली आणि कोलंबो लावलं. ३ डिसेंबर १९५२, बुधवार रात्र, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ला, सरकारला विविध भारती काढावी लागली. इकडे सिनेगीतांची मोकळी झालेली जागा भरायला आकाशवाणी केंद्रांना स्वतःची हलकीफुलकी गाणी करून घ्यावी लागली. त्या सुगम संगीताच्या लाटेतच आपली कितीतरी भावगीतं आली.

म्हणजे ज्यांना सिनेमाचं गाणं नको होतं त्यांनीच ते घराघरात पोचवलं, वर भावगीताला छप्पर दिलं. तुमच्या मते सर्वात मोठा क्षण कुठला? बीटल्सही चालतील, पण कारण द्या.

निवांत_नाना
पहिला! चहा घेऊन येतो, मग वाचतो.

तळटीप
शीर्षकातच गडबड आहे. 'बंद केली' हे अर्धसत्य आहे. आकाशवाणीने आधी गाण्यांना चाळणी लावली, वेळ कमी केली आणि गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगायचं थांबवलं, कारण ती फुकट जाहिरात होते म्हणून. निर्मात्यांना गाणी वाजवू देण्यात रस होता तो त्या जाहिरातीसाठीच. नावच नाही म्हटल्यावर त्यांनी परवाने काढून घेतले. भांडण दोन्ही बाजूंनी होतं. केसकरांनी फर्मान काढलं आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ गप्प झाला, असं झालेलं नाही.

शॉर्टवेव्ह_४१
@तळटीप, तपशील मान्यच, पण ऐकणाऱ्याला परवाना-बिरवाना काय माहीत? त्याला एवढंच कळलं की काल लागणारी गाणी आज लागत नाहीत. शीर्षक राहू दे.

माजघर
आमच्याकडे मर्फी होता. आजोबांनी जाळीची एरियल गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला सक्त मनाई होती. रेडिओचं लायसन, त्याचे पैसे पोस्टात भरायचे, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. बुधवारी रात्री आठला खालच्या मजल्यावरचे दोघंतिघं वर यायचे. शॉर्टवेव्हचा आवाज मध्येच लांब जायचा, परत यायचा. नेमकं वरच्या पायदानाचं, म्हणजे वरच्या क्रमांकाचं गाणं जाहीर होताना खरखर. मग आजोबा काटा केसभर हलवणार आणि सगळे श्वास रोखून. आजी म्हणायची, एवढं लक्ष परवचा म्हणताना दिलं असतंत तर.

बाकी आजोबा केसकरांच्याच मताचे. सिनेगीतं म्हणजे थिल्लरपणा. पण एरियल बांधली त्यांनीच.

तिसरी_घंटा
आजोबा आवडले :)

पण लोकप्रिय संगीत म्हटलं की सगळे रेडिओपासूनच का सुरुवात करतात? महाराष्ट्रात त्याआधी चाळीसेक वर्षं नाट्यपदं घरोघरी गुणगुणली जात होती. माझं मत ८ जुलै १९२१ला. मुंबईत संयुक्त मानापमान. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, हा भामिनी, तो धैर्यधर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. दोन कट्टर चाहतावर्ग एकाच थिएटरात! पुढे तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांनीच ऐकलं. ध्वनिमुद्रण नाही, काही नाही, तरी शंभर वर्षांनी आपण त्यावर बोलतोय.

आणि त्याच मानापमानाचा पहिला प्रयोग १९११चा. त्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती आणि तरी ते उभे राहिले. ही गोष्ट आमच्याकडे लहानपणी 'कर्तव्य' या सदरात सांगितली जायची. मला मात्र ती ऐकून दर वेळी त्या घरातल्या बाईचाच विचार यायचा.

तळटीप
नाट्यसंगीत 'लोकप्रिय' होतं की 'तिकीट परवडणाऱ्यांचं' होतं?

तिसरी_घंटा
तिकीट परवडणाऱ्यांचं थिएटर. पदं सगळ्यांची. थिएटरबाहेर भिंतीला टेकून ऐकणारे काय कमी होते?

रागदारी_आणि_भेळ
अवांतर: केसकरांना एकट्यालाच का झोडपताय? आकाशवाणीने त्याआधी १ मार्च १९४०पासून चक्क पेटी बंद केली होती. हार्मोनियम! भारतीय स्वरांना न्याय देत नाही म्हणून. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे ज्या महाराष्ट्रात नाट्यपद पेटी-ऑर्गनशिवाय उभंच राहत नाही, तिथल्या रेडिओवर तीस वर्षं साथीला पेटी नाही. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या मुलखात हे!

निवांत_नाना
आमच्या शेजारच्यांच्या पेटीवर अजून बंदी घाला कुणीतरी. कुणाकडे अर्ज करायचा?

गुळपोळी
गौहर जान. विषय संपला.

बरं, कारण मागितलंय म्हणून. १९०२ला कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आला आणि हॉटेलच्या खोलीत तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तासभर खुलणारा ख्याल, ठुमरी तिने तीनेक मिनिटांत बसवून दाखवली. शेवटी इंग्रजीत 'माय नेम इज गौहर जान' म्हणायची, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळायला हवं. तुमचं भावगीत, नाट्यपद, सिनेगीत, सगळं त्या तीन मिनिटांच्या साच्यात बसलेलं आहे. केसकर येऊन-जाऊन राजकारणी. साचा बनवला बाईने.

रागदारी_आणि_भेळ
+१. आणि त्या काळात घराण्यांचे मोठमोठे गवई 'तबकडीत आवाज गेला की गळ्यातून जातो' म्हणून भीत होते. धाडस केलं ते कोठीवरच्या गायिकांनी. पुढे त्यांच्याच वाटेवरून सगळे चालले आणि त्यांनाच बाजूला सारलं. केसकरांच्या काळात आकाशवाणीचं 'शुद्धीकरण' झालं, त्यात या बायकांना काय जागा होती, हाही एक धागा होईल.

बांगडा_फ्राय
गोंयकार म्हणून दोन पैसे. केसकरांना सिनेगीतांत सगळ्यात जास्त टोचायचं ते पाश्चात्त्य वळण. ते वळण आणलं कुणी? १९५१चा 'अलबेला' बघा. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आणि त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट, म्हणजे आमचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, ट्रम्पेटवाला. चितळकरांना चाल सुचायची, हे लोक ती नोटेशनवर उतरवून वीस-तीस वादकांत वाटून द्यायचे. कारण चर्चच्या शाळांत लहानपणापासून स्वरलिपी वाचायला शिकलेले होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, केवढी नावं. गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ला 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नावच गाण्यात घालून मोकळे झाले. श्रेयनामावलीत मात्र वर्षानुवर्षं या मंडळींना 'सहाय्यक' एवढंच स्थान, तेही मिळालं तर.

माझा क्षण म्हणून तारीख सांगता येणार नाही. पहिला गोंयकार सिनेमाच्या स्टुडिओत स्टँडवर कागद लावून बसला, तो दिवस.

शॉर्टवेव्ह_४१
वा! आणि गंमत बघा, १९५३च्या गीतमालेत वर्षाचं अव्वल गाणं ठरलं 'अनारकली'तलं 'ये जिंदगी उसी की है'. संगीतकार पुन्हा सी. रामचंद्र. एक मराठी माणूस दिल्लीत बसून गाळणी लावतोय, दुसऱ्या मराठी माणसाचं गाणं सिलोनवरून फिरून पुण्यात येतंय.

ओवी_ते_ओव्हरटाइम
सिलोनचं प्रक्षेपण इतकं दणकट का होतं तेही लिहा कुणीतरी. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या सैन्यासाठी कोलंबोजवळ जबरदस्त शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारला होता. युद्ध संपलं, सैनिक गेले, यंत्र राहिलं. लढाईसाठी आणलेल्या त्या यंत्रावर मग टूथपेस्ट विकली गेली. बिनाका म्हणजे सीबा कंपनीची टूथपेस्ट, नव्या मुलांना माहीत नसेल.

आधी गीतमाला क्रमवारीची नव्हतीच. सात गाणी वाजवायचे आणि श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा. बरोबर आलं तर बक्षीस. पत्रांचा एवढा ढीग पडायला लागला की ते प्रकरण आवरेना, मग क्रमवारी आली. तीही नुसत्या फर्माइशींवर नाही. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं धरून. गीतमालेचे निवेदक अमीन सायानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा वडील दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त 'बहनों और भाइयों' एवढं म्हणून दाखवलं, अगदी त्या हेलात.

गीतपंचमी
गीतरामायणाचं नाव अजून कुणी काढलं नाही? पुण्याचे लोक झोपलेत की काय?

१ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार सकाळ, आकाशवाणी पुणे. दर आठवड्याला एक नवं गाणं, पुढच्या रामनवमीपर्यंत. ठरली होती बावन्न, अधिक महिना आल्याने झाली छप्पन्न. गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार, गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, अगदी लताबाईसुद्धा. असं सांगतात की पहिल्याच गाण्याचा कागद हरवला आणि गदिमांना केंद्रावर खोलीत बसवून पुन्हा लिहायला लावलं. खरं-खोटं राम जाणे, पण दर आठवड्याला ताजं गाणं द्यायचं म्हणजे तसले प्रसंग येणारच. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. गाणी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून यायची, माणसं कात्रणं वहीत चिकटवायची.

वर कुणी पेटीचं लिहिलंय, त्यावरून लक्षात आलं. बाबूजींची स्टेजवरची प्रतिमा पेटी पुढ्यात घेतलेलीच आहे. रेडिओवर गीतरामायण चाललं तेव्हा मात्र पेटीवर बंदी होती. मूळ ध्वनिमुद्रणं ऐकाल तर हा फरक कान देऊन ऐका.

शॉर्टवेव्ह_४१
हेच तर म्हणतोय! सिनेगीतं असती तर आकाशवाणीला दर आठवड्याला मराठी गाणं करून घ्यायची गरज वाटली असती?

गीतपंचमी
नाही हो, हे फार ताणलंत. गीतरामायण दिल्लीच्या धोरणातून आलं नाही. पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते आणि त्यांची गदिमांशी मैत्री होती, म्हणून आलं. धोरण तर सगळ्या देशाला लागू होतं. मग बाकीच्या प्रत्येक केंद्रावर एकेक गीतरामायण का नाही झालं?

तळटीप
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. धोरणाने वेळ मोकळा केला, पैसे दिले, स्टुडिओ दिला. त्या वेळात काय करायचं ते माणसांनी ठरवलं. मुंबई केंद्रावरही तेच. मंगेश पाडगावकर, यशवंत देव आकाशवाणीत नोकरीला. 'शुक्रतारा मंद वारा' साठीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथूनच आलं. चाल खळ्यांची, गायला सुधा मल्होत्रा आणि अरुण दाते. दाते तर कापडगिरणीतले इंजिनियर. कवी सरकारी पगारावर आणि गायक गिरणीच्या, अशी भावगीताची सोय.

पण भावगीत केसकरांच्या आधीचं आहे बरं का. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांचं 'रानारानात गेली बाई शीळ' तीसच्या दशकात तबकडीवर गायलं होतं. गजाननराव वाटवे गणपतीत चौकाचौकांत गायचे. 'छप्पर दिलं' हे धाग्यातलं वाक्य ठीक. 'जन्म दिला' म्हणालात तर भांडेन.

नुसतीच_वाचक
लॉगिन करावंच लागलं. लताबाईंचं १९४९. 'महल'च्या तबकडीवर 'आयेगा आनेवाला' गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, कोण ही बाई? त्यानंतर गायकांची नावं यायला लागली. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला सांगितलं तर त्या नाही म्हणाल्या. गायकांना बक्षीस नाही, मग गायचं का? १९५९ला ते बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, 'आजा रे परदेसी'ला. मग रॉयल्टीवरून रफीसाहेबांशी अबोला. आवाजाबद्दल सगळे बोलतात, या बाईच्या व्यवहाराबद्दल कुणी बोलत नाही.

बांगडा_फ्राय
मंगेशीची आहे ना. व्यवहार पक्का असणारच :)

वेशीवरचा
दोन दिवस वाचतोय. चांगलं चाललंय, पण एक सांगू का? हा सगळा इतिहास रेडिओ असलेल्या घरांचा आहे. आमच्या वस्तीत रेडिओ होता तो ग्रामपंचायतीचा, आणि त्याच्यावर काय लागायचं ते आम्ही ठरवत नव्हतो. तुमचं सुगम संगीत, त्याला ऑडिशन, त्याला ग्रेड. आमचे गायक त्या दारातून आत जायचे तर 'लोकसंगीत' अशी चिठ्ठी लावून, पंधरा मिनिटांपुरते.

आमच्यासाठी क्षण म्हणजे कॅसेट. तबकडी काढायची तर एचएमव्हीच्या दारात जावं लागायचं. त्यांचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला, त्यांना परवडलं तर ते छापणार. कॅसेटला काय लागतं? एक बरी खोली, एक यंत्र, एक नकला काढायचं मशीन. ऐंशीच्या दशकात हे सगळं आवाक्यात आलं आणि गाणं आमच्या हातात आलं. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरून गायले, लिहीत राहिले. ती गाणी माणसांच्या तोंडी होती, दुकानात नव्हती. कॅसेट आल्यावर दुकानात आली. दुकान म्हणजे तरी काय, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदावर मांडलेल्या थप्प्या. आमचा बाप मुंबईहून येताना खाऊ विसरेल, पण कॅसेट विसरायचा नाही.

प्रल्हाद शिंदे घ्या. तोच आवाज भीमगीत गातो, तोच 'पाऊले चालती पंढरीची वाट' गातो. वारीतले लोक त्या गळ्यावर डोळे मिटतात. किती जणांना ठाऊक असतं, तो गळा कुठून आला? मग त्यांचा आनंद आला, 'जवा नवीन पोपट हा' घेऊन. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली आणि त्यांच्याच लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने तेच वाजवलं. केसकरांना सिनेमाचं गाणं थिल्लर वाटलं होतं. तीस वर्षांनी सिनेमाचं गाणं आवडणाऱ्यांना पोपट थिल्लर वाटला.

माजघर
हा प्रतिसाद धाग्याहून मोठा आहे.

तळटीप
@वेशीवरचा, पटलं. फक्त एक पुस्ती. कॅसेटच्या त्या लाटेवर गुलशन कुमारसारखे लोकही मोठे झाले, आणि त्यात १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या फटीचा हात होता. जुनं गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायचं, ठरलेली रॉयल्टी भरायची, झाली नवी कॅसेट. ज्यांचं मूळ गाणं त्यांनी बसायचं बघत. मुक्तीही आली, लुटालूटही आली.

वेशीवरचा
लुटालूट एचएमव्हीच्या काळात नव्हती म्हणता? गायकाला एकरकमी पैसे देऊन घरी पाठवायचे ते काय होतं?

पोहे_इन_जर्सी
इथे न्यूयॉर्कच्या बाजूला राहतो म्हणून माझा क्षण १ ऑगस्ट १९७१. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी उभा केलेला कार्यक्रम. मोठ्या कारणासाठी रॉकवाल्यांनी एकत्र येऊन गायचं, ही पद्धत तिथून पडली. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं लावत होते, तर पब्लिकने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर पंडितजी म्हणाले, जुळवणी एवढी आवडली तर वादनही आवडेल अशी आशा आहे.

आणि हो, १३ जुलै १९८५, लाइव्ह एड, वेम्ब्लीवर फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या शाळेत शिकलेला. तिथेच त्याचा पहिला बँड.

निवांत_नाना
पाचगणी म्हणजे सातारा जिल्हा. क्वीन हा बँड साताऱ्याचा म्हणून नोंद करून घ्यावी. कंदी पेढे वाटा.

रागदारी_आणि_भेळ
टाळ्यांचा तो किस्सा ऐकून हसणाऱ्यांनी सवाई गंधर्वला तानपुरे जुळताना दाद देणारे काका आठवावेत. ते आपलेच असतात.

सहज_डोकावले
१ नोव्हेंबर १९९६, अंधेरी, मायकेल जॅक्सन. बाकी काही आठवत नाही, इतकी गर्दी होती. नंतर करमणूक कराच्या माफीवरून कोर्टकज्जे झाले ते आठवतं.

शॉर्टवेव्ह_४१
सगळ्यांचे आभार. मूळ मुद्द्यावर येतो. @गीतपंचमी यांचा प्रश्न अवघड आहे, बाकी केंद्रांवर तसं का झालं नाही याचं उत्तर धोरणात सापडत नाही. पण @वेशीवरचा यांच्या प्रतिसादाने माझं म्हणणं उलट घट्ट झालंय. १९५२ला सरकारने ठरवलं की लोकांनी काय ऐकावं, आणि लोकांनी काटा फिरवला. कॅसेटच्या वेळी तेच झालं, फक्त या वेळी ठरवणारी कंपनी होती आणि काटा फिरवणारे वेगळे लोक होते. गौहर जानचा साचा, गोंयकारांची स्वरलिपी, ही गाणं कसं बनलं त्याची उत्तरं. मी विचारत होतो ते गाणं कुणाच्या हातात गेलं. त्या यादीत १९५२ला पहिला नंबर देतो, कॅसेटला त्याच्या बरोबरीने.

तिसरी_घंटा
बरोबरीने म्हणजे दोघांना पहिला नंबर? शाळेतलं मॅनेजमेंट झालं हे.

तळटीप
आणि विविध भारतीला विसरू नका. सरकारने लोकांच्या आवडीपुढे मान तुकवली, तो निर्णयही केसकरांच्याच कारकिर्दीतला. नाव आणि रूप पंडित नरेंद्र शर्मांचं. १९६७ला तिथे जाहिरातीही आल्या. ज्या जाहिरातीवरून भांडण पेटलं होतं, ती आता सरकारच पैसे घेऊन लावायला लागलं.

नुसतीच_वाचक
अवांतर विचारते. वडिलांच्या जुन्या कॅसेट निघाल्यात, शिंद्यांच्या आणि काही घरी टेप केलेल्या. पांढरी बुरशी दिसतेय. वाजवू का?

वेशीवरचा
अजिबात वाजवू नका. बुरशी टेपच्या हेडला लागते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. आधी कोरड्या जागी ठेवा. कवचाला स्क्रू असतील तर उघडून फीत दुसऱ्या कवचात बदलता येते, नसतील तर जाणकाराकडे द्या. आणि घरी टेप केलेल्या आधी करून घ्या, शिंद्यांच्या कुठेही मिळतील. वडिलांचा आवाज आहे का कशात?

नुसतीच_वाचक
आहे बहुतेक. एकीवर फक्त 'गच्ची, कोजागिरी' असं लिहिलंय.

निवांत_नाना
चहा झाला. आता पहिल्या प्रतिसादापासून वाचतो.